लाल कापडाखालचा संदर्भसंग्रह

लिंबू कीबोर्डवर. उदबत्ती प्रिंटरच्या फटीत. संगणकावर लाल कापड, आणि कापडाच्या आत यंत्रनाथ महाराजांचे दोन्ही हात.

दारव्ह्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्याचं ऑफिस एवढंसं. त्यात वॉर्डातले नातेवाईक, दोन आया, लॅबवाला अब्रार, आणि उरलेला बाजार खिडकीच्या गजांना लटकलेला.

"ओम हार्डडिस्काय नमः," महाराज म्हणाले. "डेटा मरत नसते, बाप्पा. डेटा फक्त देह सोडते."

कापड उचललं. पडद्यावर शिश्यांचे फोटो, लेबलं, औषधांची नावं, ओळीवर ओळ. लोकांचे हात आपोआप जोडले गेले. कुणी काही वाचण्याआधी कापड खाली आलं. पुन्हा उचललं, तर:

एकूण नोंदी : ०

"आत्मा आला, पण बसला नाही," महाराजांनी निदान केलं. "जागा बांधून घ्या लागते. अमावस्येले करू. नारळ आणून ठेवा, दक्षिणा तुमच्या खुशीनं."

डॉक्टर जिया दाराशी उभी होती. तो आत्मा तिनं गोळा केला होता. फवारणीच्या हंगामात विषबाधा झालेल्यांचे नातेवाईक जी जी शिशी घेऊन येत, तिचा फोटो. आत कोणतं विष, कशानं उतरलं, कशानं बिघडलं. काल दसरा. हिशेबनीस बाबारावांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं, आणि तो कितीक दिवस मागत होता ते अपडेट मुहूर्तावर देऊन टाकलं. आज सकाळी तो सगळा संग्रह कोरा. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, सुट्टी आहे, सोमवारी पाहू. म्हणून बाबारावांनी लोहाऱ्याहून महाराज आणवले.

जियाला राग यायला हवा होता. या हंगामात तो कुठेतरी ठेवला गेला होता आणि सापडत नव्हता.

(वॉर्ड. थोड्या वेळानं.)

उकंडाचे हात ओढणीनं खाटेला सैल बांधलेले. तरी तो हवेतून कापूस वेचत होता. चिमटीनं एकेक बोंड काढायचं, नसलेल्या ओटीत टाकायचं. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं.

काल फवारताना भोवळ येऊन पडला. रात्रपाळीच्या डॉक्टरनं उताऱ्याचं इंजेक्शन म्हणून अ‍ॅट्रोपीन सुरू केलं. बहुतेक शिश्यांतल्या विषावर तेच चालतं. पण सगळ्यांतल्या नाही. विष ते चालणाऱ्या जातीचं असेल, तर इंजेक्शन थांबवल्यावर माणूस मरेल. नसेल, तर हे कापूस वेचणं इंजेक्शनाचंच, आणि ते वाढवत नेलं तरी मरेल.

बायको इंदूबाई शिशी घेऊन बसली होती. लेबल घासलेलं. उरलं होतं एका हिरव्या अळीचं चित्र आणि तेलुगूतली अर्धी ओळ. ही अळी जियानं पाहिली होती. दोन शिश्यांवर पाहिली होती. कोणत्या अळीच्या शिशीत कोणतं विष, ते संग्रहात होतं.

"म्याडम," इंदूबाई म्हणाली, "महाराज म्हणते, मशिनीत जे शिरलं थेच यायच्या अंगात शिरलं. खरं हाये का?"

"काय शिरलं, तेच तर मला कळत नाहीये."

"मंग महाराजाले काहून दिसलं? आम्हालेबी दिसलं. शिश्या होत्या, लेबलं होती."

जिया थांबली. दिसलं. म्हणजे आत आहे. जे गेलं, ते क्षणभरही दिसत नाही.

(ऑफिस.)

"महाराज, एकदा हात वर करून मंत्र म्हणा."

"बेटी, इथं साधना चालू हाये."

"म्हणूनच. हात वर, मंत्र चालू द्या."

गर्दी बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी मंत्र म्हटला, मग जरा मोठ्यानं म्हटला. जियानं कापड उचललं. शून्य नोंदी.

"आता हात आत घाला, पण मंत्र नको."

"विज्ञानाले लय अहंकार असते," महाराज म्हणाले.

"हात आत घालायले कायचा अहंकार?" अब्रार म्हणाला. "आमच्या कम्प्युटर क्लासले तर तुमचा हात माऊसवरून उठतच नव्हता, सर. तव्हा दाढी नव्हती तुमाले."

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं.

जिया बाबारावांकडे वळली. "काका, काल अपडेट झाल्यावर त्यानं काही विचारलं?"

"नाव विचारलं म्याडम. संग्रहाचं नाव द्या म्हणे. कोरं पान, दसऱ्याचा दिवस. श्री लिहिलं. कोऱ्या पानावर पहिलं दुसरं काही मी बापजन्मात लिहिलं नाही."

जियानं कापड ओढून काढलं, माऊस धरला आणि वरच्या कोपऱ्यातली नावांची यादी उघडली.

श्री : नोंदी ०
विषसंग्रह : नोंदी ६१२

एवढंच होतं. जुनं नाव टाकलं असतं तर जुना संग्रह उघडला असता. नवीन नाव मिळालं, तर यंत्रानं नवा, रिकामा संग्रह करून पुढे ठेवला. जुना त्याच्यामागे शांत बसला होता. महाराजांनी पहिल्याच मिनिटाला ते ओळखलं. कापडाखाली एक क्लिक, आत्मा आला. दुसरी क्लिक, आत्मा गेला.

"पाहा, आला ना डेटा," महाराज म्हणाले, आणि लिंबू उचलून जीपकडे निघाले. अर्धी गर्दी पाया पडायला मागे गेली.

जिया पाहत बसली नाही. हिरव्या अळीच्या दोन नोंदी. तेलुगू ओळ दुसरीशी जुळली. खाली तिचेच शब्द: *या जातीवर अ‍ॅट्रोपीन नको. दिलं असल्यास थांबवा.*

तिनं थांबवलं.

(वॉर्ड.)

"महाराजाचा गुण आला म्हणायचा का?" इंदूबाईनं विचारलं.

"नाही. त्यांना माहीत होतं आणि त्यांनी झाकून ठेवलं. कुणी कापड टाकून काही दाखवलं, तर आधी कापड काढायला सांगा. मी काही सांगितलं, तर मलाही विचारा, कशावरून."

इंदूबाईनं थोडा विचार केला. "मंग सांगा. हे वाचतीन, कशावरून?"

जियानं इंदूबाईची दोन बोटं उकंडाच्या मनगटावर ठेवली.

"मघाशी मिनिटाला दीडशेच्या वर होते ठोके. औषध उतरत गेलं, तर हळूहळू शंभराकडे येतील. मी म्हणते म्हणून नाही. त्या घड्याळात पाहा अन् मोजा."

इंदूबाई मोजायला लागली. मध्येच चुकली. उकंडाच्या दुसऱ्या हाताची चिमूट अजून उघडत मिटत होती. तिनं तिकडे पाहिलं नाही. काटा वर येईपर्यंत थांबली आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.