भामाबाईचा कप

समाजशास्त्राच्या सरांनी सांगितलं, आपापल्या गावात जात कशी पाळतात ते लिहून आणा. मी लिहिलं, बागायतदारांच्या सोप्यात आम्हा धनगरांना अजून खालीच बसवतात. सर म्हणाले, बरोबर आहे, पण तुझ्या घरात काय चालतं? मला असा राग आला! तणतणत घरी आले आणि बघते तर गोठ्याच्या भिंतीला खिळ्यावर टवका उडालेला कप. एकोणीस वर्षं रोज समोर होता मेला, आणि मला दिसला नव्हता.

तो भामाबाईचा. भामाबाई मातंग वस्तीतली, माझ्या आईच्या टोळीत. आईचं नाव हरणाबाई; ती बारा बायका घेऊन तासगावच्या द्राक्षबागांत कामाला जाते. सकाळी सगळ्या आमच्या अंगणात चहा पितात. भामाबाई आपला कप काढते, पिते, धुऊन परत अडकवते.

तिनं मला सगळं सांगितलं. नाव बदलून लिहू का म्हटलं, तर म्हणाली, "माझंच लिव. कवा कुटं छापून आलं न्हाई." मलाही पटलं. लय शहाणी ना मी!

निबंधाला पहिला नंबर आला. कॉलेजच्या अंकात नावागावासकट छापला. बागमालकाची पोरगी साक्षी आमच्याच कॉलेजात, तिनं तो घरी नेला आणि मालकानं टोळीसमोर हसत हसत वाचून दाखवला. आई मला चकार शब्द बोलली नाही. भामाबाईला मात्र उद्यापासून येऊ नको म्हणाली, तेही द्राक्षाचे घड विरळायच्या ऐन हंगामात. मी भांडले, रडले, जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या टोळ्यांच्या बायकांना विचारलं, तर त्यांना अशी बोलकी बाई नको होती. सरांना सांगितलं. ते म्हणाले, यावरही लिही.

शेवटी भामाबाईकडे गेले. अंक तिनं फडक्यात गुंडाळून ठेवला होता. वाचता येत नाही तिला, पण आपल्या नावावर बरोबर बोट ठेवलं.

"कप येगळा हुता, पर काम हुतं," ती म्हणाली. रागानं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. "ह्ये नाव खोड आन् हरणाबाईला दाव. म्हणावं, भामानं नाव काढून घेतलंय."

मी खोडलं. तो अंक आईपुढं धरला. तिनं हात पुसले, पान नीट बघितलं. तिलाही वाचता येत नाही.

"तिचं खोडलंस," आई म्हणाली. "माझं कुटं हाय ह्यात?"

मी दाखवलं. दोन ओळी खालीच होतं.