आधी घरचा हिशेब

यवतमाळकडच्या कळंब तालुक्यात बाबारावांना दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे, एसटीत कंडक्टर होते तेव्हा त्यांनी कुणाचा सुटा रुपयासुद्धा कधी ठेवून घेतला नाही. आणि दुसरी म्हणजे, रिटायर झाल्यावर त्यांनी ग्रामपंचायतीला सुखानं बसू दिलं नाही. जनहिशेब मंच त्यांनीच काढला. नालीवर किती गेले, दिव्यांवर किती गेले, घरपट्टी किती आली, हे पंचायतीनं शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहावं म्हणून हा माणूस पंचायतीच्या पायरीवर दिवस दिवस बसून राहिला. आणि लिहून घेतलं की हो! सरपंच वैतागून म्हणायचे, "कंडक्टरनं गाडी सोडली, पण तिकीट विचारणं काही सोडलं नाही."

मंचाची एक रीत होती, तीही बाबारावांच्याच डोक्यातून निघालेली. पहिल्या रविवारी समाजमंदिरात सभा भरायची. पंचायतीचं नाव काढायच्या आधी प्रत्येक सभासदानं उभं राहून आपल्या घरचा महिन्याचा खर्च मोठ्यानं वाचायचा. एखादा खर्च खटकला, तर बसलेल्यांपैकी कुणीही विचारायचं, "काहून?" मग उभा असलेल्यानं कारण सांगायचं. ज्याला आपल्या घरचं सांगायची लाज वाटते, त्यानं सरपंचाला कोणत्या तोंडानं विचारावं, असं बाबारावांचं म्हणणं. ऐकायला किती चोख वाटतं! ऐकणारा मान डोलावणारच.

आणि ती चष्म्याची गोष्ट. नलूबाई, म्हणजे बाबारावांची बायको, मंचाची पहिली सभासद. एकदा तिनं कळंबच्या दुकानातून चष्मा आणला, सोनेरी काड्यांचा. आयुष्यात हौसेनं घेतलेली ती एवढीच वस्तू असेल. सभेत तिनं खर्च वाचला आणि सगळ्यात आधी बाबारावांनीच विचारलं, "काहून?"

"सुईत दोरा जात नव्हता," नलूबाई म्हणाली.

"सरकारी शिबिरात फुकट भेटते चष्मा. थांबता नसतं आलं?"

अख्ख्या सभेनं टाळ्या वाजवल्या. वा रे अध्यक्ष, बायकोलाही सोडत नाही! दुसऱ्या दिवशी नलूबाई मुकाट्यानं दुकानात जाऊन चष्मा परत करून आली. पुढच्या सभेत तिनं "चष्मा परत" असं वाचलं, तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या. शिबिरातला जाड काचांचा चष्मा तिला मिळाला. त्याची एक काडी लवकरच मोडली, ती तिनं दोऱ्यानं बांधली. आणि बाबाराव ही गोष्ट गावोगाव सांगत सुटले. पार महागावपर्यंत जाऊन सांगून आले. सांगताना त्यांची छाती फुगायची, आणि नलूबाई सोबत असली तर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. ते त्यांना कधी दिसलं नाही. आता काय म्हणावं या माणसाला!

तर असा हा मंच हळूहळू रिकामा होत गेला. एके काळी चपला ठेवायला जागा नसायची, आता सतरंजीची अर्धी घडीही उलगडावी लागेना. दिवाळीनंतरच्या सभेला मोजकी टाळकी आली, त्यात बाबाराव आणि नलूबाई घरचेच. पुढच्या वर्षी पंचायतीची निवडणूक. मंच आत्ता बसला तर भिंतीवरचा रंग पुसायला सरपंचाला एक दिवस पुरला असता. बाबारावांचं जेवणावरून मन उडालं. त्यांनी नागपूरला लेकीला फोन लावला. उर्वशी तिथं एका संस्थेत नोकरीला होती, संघटना चालवायच्या गोष्टी तिला कळत.

"बाबा, सभासद काहून येत नाहीत ते त्यांनाच विचारा ना," उर्वशी म्हणाली. "घरोघरी जा. मंचात काय चुकते, काय सुधारावं, मोकळं बोलू द्या. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ते बोलत असताना तुम्ही मधात बोलायचं नाही. समजावून सांगायचं नाही. नुसतं ऐकायचं."

"मी कधी मधात बोलतो?" बाबाराव म्हणाले, आणि पोरगी फोनवर खळखळून हसली.

सकाळी ते निघाले. पहिलं घर पंजाबरावांचं. हे मंचाचे उपाध्यक्ष, कपाशीवाले, पण चार महिने सभेकडे फिरकले नव्हते. जय भीम, राम राम झालं, चहा झाला. मग पंजाबरावांनी मांडीवर थाप मारली.

"खरं सांगू का बाबाराव? मी तंबाखूचा खर्रा खातो हे साऱ्या गावाले माहीत आहे. पण किती खातो, हे बायकोले माहीत नव्हतं! तुमच्या सभेत वाचलं अन् घरी दोन दिवस जेवाले नाही भेटलं."

दोघंही हसले. हसता हसता पंजाबराव थांबले. "मजाक सोडा. सून म्हणे, मामंजी, माह्या दवाखान्याचं तेवढं वाचू नका. आता रीत आहे तं न वाचून कसं चालते? अन् खोटं वाचाव तं तुमच्यासमोर जीभ उचलत नाही. म्हणून मी सभाच सोडली."

बाबारावांच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण लेकीला शब्द दिलेला, म्हणून त्यांनी ते गिळलं. कधी नव्हे ते.

मग ते तांड्यावर जमनीकडे गेले. जमनी मोठी धीट बाई, ग्रामसभेत सचिवाला हिनंच घाम फोडलेला. कापूस वेचायला जायच्या घाईत ती कमरेला ओटी बांधत होती. बाबारावांनी विचारलं तशी ती थांबली.

"भाऊ, मंच चांगला आहे. पण ते चष्म्याची गोष्ट सांगत नका जाऊ."

"काहून?" बाबारावांच्या तोंडून सवयीनं गेलंच.

"पाहा, हेच," जमनी म्हणाली. "त्या दिवशी तुमी माणसं टाळ्या वाजवून राह्यले होते, अन् आम्ही बाया नलूबाईच्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो. त्या दिवसापासून आमच्या तांड्यावरची एकही बाई आली नाही. तुमी मोजले का कधी?"

बाबाराव बोटांवर मोजायला लागले, पण जमनी थांबली नाही.

"अन् घरी विचारलं का? नलूबाईले? किती वाळून गेली ती. मागच्या बाजारात भेटली तं मले ओळखू नाही आली. मी म्हटलं, बाई, काय झालं? तं म्हणे, काही नाही, वयानं होते."

परतताना बाबाराव रस्ताभर चिडलेले होते. कुणावर, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पारदर्शी कारभार म्हणजे काय, हे या लोकांना पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार, असं काहीतरी ते मनाशी जुळवत होते. पण घराशी आले आणि ओट्यावर बसलेल्या नलूबाईकडे त्यांनी पाहिलं. खरोखर पाहिलं, कित्येक महिन्यांनी. ती सुपात डाळ निवडत होती. ब्लाउजच्या बाह्या सैल लोंबत होत्या. हाताचं हाड वर आलं होतं. चष्मा एका बाजूला कलला होता, दोऱ्यावर.

ते शेजारी टेकले. काहीतरी हलकंफुलकं बोलावं म्हणून म्हणाले, "नलू, तू पण सभासद आहे. सांग बरं, मंचानं काय सुधाराव?"

"मले कायले विचारता? मी तं घरचीच."

"उर्वशीनं सांगितलं, सगळ्याइले विचारा. अन् मधात बोलू नका."

"तुम्ही? मधात नाही बोलणार?" नलूबाईला हसू आलं. "चाय ठेवू का?"

"चाय राहू दे. बोल."

तिनं सूप खाली ठेवलं. बराच वेळ ती डाळीतून बोट फिरवत राहिली.

"ते वाचणं बंद करा," ती म्हणाली. "गावचा हिशेब मागा, जोरात मागा. चांगलं काम आहे ते, मी कधी नाही म्हटलं नाही. पण बाईले चारचौघात उभी करून काहून नका विचारू."

"चष्म्याचं म्हणत असशील तं..."

"बोलले ना मधात!"

बाबारावांनी तोंड मिटलं.

"चष्म्याचं काही नाही. गेला तं गेला." तिनं पदर सारखा केला, आणि त्यांच्याकडे न बघता बोलली. "माह्या छातीत गाठ आहे. मागच्या वर्षी तुरी सोंगून राह्यले होते, तवा हाताले लागली. दवाखान्याच्या आशाताईले दाखवली. ती म्हणे, काकू, यवतमाळले सरकारीत जा, पैशे नाही लागत. पण गाडीभाडं तं लागते ना? मग पहिल्या रविवारी वाचा लागलं असतं, यवतमाळ, जाणं-येणं. कोणीतरी म्हटलंच असतं, काहून गेलती? मी काय सांगितलं असतं तेवढ्या माणसात? छाती दाखवाले गेलती, म्हणू?"

"मले तं सांगाचं, नलू! मले!"

"तुमाले सांगितलं असतं तं तुम्ही वाचू नको म्हटलं असतं?"

आता मधात बोलायला बाबारावांना पूर्ण मोकळीक होती. नलूबाई थांबली होती, वाट बघत होती. पण खरं उत्तर त्यांना माहीत होतं. ते म्हणाले असते, वाच, त्यात काय लाज, आजार म्हणजे काही चोरी नाही. सगळ्यांसमोर म्हणाले असते. टाळ्या पडल्या असत्या.

"गाडीभाडं लपवता आलं असतं मले," नलूबाई म्हणाली. "पण खोटं वाचाव कसं? तुमच्याच हाताखाली राह्यली ना इतके वर्ष."

ती उठून चहा ठेवायला आत गेली. बाबाराव सुपापाशी बसून राहिले. मग त्यांच्या तोंडून जो हुंदका फुटला, तो शेजारच्या ओट्यावर ऐकू गेला.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई वयानं उर्वशीएवढ्या. तपासून झाल्यावर त्यांनी बाबारावांना बाहेर बोलावलं. "काका, वर्षभर काय करत होते तुम्ही? तेव्हा आणलं असतं तर काढून टाकली असती. आता सगळीकडे पसरलंय." आयुष्यभर बाबारावांनी लोकांना कारण विचारलं, आता कारण सांगायची वेळ त्यांची होती.

मग नागपूर. उर्वशीनं धावपळ केली, आईला एक क्षण सोडलं नाही, आणि बापाशी मात्र कामापुरतं बोलली. बाबारावांनीही तक्रार केली नाही. कुठल्या तोंडानं करणार? एका दुपारी ते कुणाला न सांगता बाहेर पडले आणि नलूबाईच्या जुन्या चष्म्याच्या नंबरावरून नवा करून घेऊन आले. सोनेरी काड्यांचा. दवाखान्याच्या खाटेवर त्यांनी तो आपल्या हातानं तिच्या डोळ्यांवर चढवला. तिनं डोळे मिचकावले आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली.

"अगं माय," ती म्हणाली, "तुम्ही इतके म्हातारे कवा झाले?"

आणि हसली. तसं मनापासून हसणं बाबारावांनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. नंतरचे दिवस ती चष्मा उशाशी ठेवायची, आणि बरं वाटलं की घालून खिडकीतून रस्ता बघायची. पुढं हात उचलेना, तेव्हा उर्वशी घालून द्यायची. होळीच्या आधी नलूबाई गेली.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पंजाबरावांनी घरोघर निरोप धाडला. बाबाराव येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण ते आले, आणि समाजमंदिराच्या दारात थबकले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. तांड्यावरच्या सगळ्या बाया घेऊन जमनी पुढं बसली होती. पंजाबरावांची सून होती. कधी न आलेली माणसंसुद्धा भिंतीला टेकून उभी होती. मंच वाचवायला बाबाराव घरोघर हिंडले होते ना? घ्या, मंच वाचला. इतकी भरलेली सभा त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आणि पुढच्या ओळीत, खांबाजवळ, जिथं नलूबाई बसायची तेवढी एक जागा बायांनी मोकळी ठेवली होती.

त्रिसरण झालं, दोन मिनिटं उभं राहून झालं. मग पंजाबरावांनी ठराव वाचला, की सभासदांनी दिलेल्या मतांवरून आजपासून घरचा हिशेब वाचायची रीत बंद. पंचायतीचा हिशेब मात्र सोडायचा नाही. सगळे हात वर गेले. बाबारावांचाही गेला.

"आता पंचायतीच्या विषयाकडे..." पंजाबराव म्हणायला लागले, तेवढ्यात बाबाराव उभे राहिले.

"माह्यं एकदा वाचू द्या," ते म्हणाले. "शेवटचं."

कुणी नको म्हणालं नाही. बाबारावांनी खिशातून काही काढलं नाही, त्यांच्या हातात कागद नव्हता. भरल्या सभेकडे त्यांनी पाहिलं, मग खांबाजवळच्या रिकाम्या जागेकडे.

"चष्मा," ते म्हणाले. "नलूसाठी."

आणि थांबले. पुढचं कारण सांगायचं, तर आधी कुणीतरी विचारायला हवं होतं. तीच तर रीत. जमनीनं तोंडाला पदर लावला. पंजाबरावांनी मान खाली घातली. इतकी माणसं बसली होती, पण एकाचंही तोंड उघडेना.

"विचारा ना कोणी," बाबाराव म्हणाले. "विचारा ना मले, काहून."