एका श्वासाची जागा

विमल सिस्टर प्रार्थनेला उभ्या राहिल्या की उजव्या हाताची दोन बोटं आपोआप डाव्या मनगटावर जाऊन बसत, जणू देवाशी बोलण्याआधी स्वतःची नाडी एकदा बघून घ्यायची असावी. हात जोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, तळवे उघडे धरणारीही पाहिली. स्वतःच्या रक्ताची चाल मोजत प्रार्थना करणारी मात्र ही एकच बाई. इथे आखातात, बनेद अल-गारमधल्या आमच्या उपासनेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सकाळी दहाचं ऊन समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून आत यायचं, आणि ते परतलेलं, निम्मं थकलेलं ऊन त्यांच्या डोक्यावरच्या ओढणीवरून मिटल्या पापण्यांवर सावकाश उतरायचं. दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक निळी चिंधी दिसे. त्यांनी तिकडे कधी पाहिलेलं मला आठवत नाही.

त्या मूळच्या श्रीरामपूरकडच्या, इथे सरकारी इस्पितळात नर्स. मी जालन्याकडचा, मीना अल-अहमदीला तेलाच्या कारखान्यात पाईप फिटर, आणि गुडघे गेल्यापासून एका गोदामात सामान देणारा-घेणारा. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळा सोडून. माझे शब्द चर्चमधल्या पाळकांच्या तोंडून कानाने कमावलेले आहेत, आणि ते कुठे वापरावे हे मला कुणी शिकवू नये.

इथे रविवारी कामावर जावं लागतं, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी येतो, आणि त्याला आम्ही रविवारच म्हणतो. "दादा, रविवारची उपासना कधी?" असं नव्याने आलेल्या एकाने विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "सकाळी दहाला." तो बिचारा दोन दिवस उशिरा आला, दार वाजवून परत गेला. भेटल्यावर एकमेकांना सलाम म्हणायची रीतही आमची गावाकडची. खालच्या दुकानदाराला वाटतं, ती आम्ही इथे येऊन उचलली. त्याला मी ठणकावून सांगितलंय, हा सलाम माझ्या आजोबांच्या वस्तीतला आहे, विमानात बसून इथे आलाय.

विमल सिस्टरांची प्रार्थना म्हणजे वॉर्डातली फेरी होती. खाटेमागून खाट घ्यावी तशी त्या नावामागून नाव घेत, प्रत्येकापाशी क्षणभर वाकत, त्याची वेदना, त्याची विवंचना प्रभूच्या कानावर घालत आणि पांघरूण नीट करून पुढे सरकत. मंगलाताईंचा अडकलेला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना. जोसेफभाऊंच्या मुलीची परीक्षा. कुणाच्या आईचा मोतीबिंदू. आवाज खालचा, कोरडा, वैशाखातल्या नदीपात्रासारखा, ज्याच्या तळाशी वाळू उकरली तर पाणी लागतं. वसंतातल्या धुळीच्या दिवशी खिडकीबाहेरचं शहर हळदीच्या रंगाचं होऊन नाहीसं होई, ऑगस्टात काचा बाहेरून घामाने निथळत, आणि या सगळ्या ऋतूंत ती फेरी त्याच धिम्या, अविचल गतीने चाले. शेवटी मुलं इंग्रजी वळणाने 'एमेन' म्हणत, मोठी 'आमेन'. आणि शेजारच्या मशिदीतला कर्णा दुपारच्या नमाजाआधी घसा खाकरल्यासारखा खरखरायचा.

पण त्या फेरीत एक खोट होती, आणि ती मी झाकणार नाही. आमच्याकडे बातमी चहाआधी फुटते, ती प्रार्थनेतच. एकदा माझं ब्लडप्रेशर चढलं म्हणून मी त्यांच्या इस्पितळात गेलो होतो. दंडाला पट्टा आवळलेला असताना माणूस बोलून जातो. मीही बोललो, की माझ्या मुलाने, योहानने, मला न विचारता लग्न ठरवलं. माझी रजा मंजूर होती, तिकीट हातात होतं, तरी मी गेलो नाही. आणि तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही. त्या शुक्रवारी, मंगलाताईंच्या इकाम्यानंतर आणि जोसेफभाऊंच्या मुलीआधी, खोलीभर ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "प्रभू, शमुवेलदादांच्या मुलाचं मन मऊ कर, दादांचंही कर."

आमेन होताच मी उठलो.

"सिस्टर, आजपासून माझं नाव प्रार्थनेत घ्यायचं नाही."

"अहो दादा, मी कुणा परक्यापुढे बोलले का?"

"देवाला सांगितलं त्याचं काही नाही. तो मनात ठेवतो. मंगलाताई ठेवतील का?"

मंगलाताई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "घ्या! म्हणजे चहा मीच करायचा आणि बोलणीही मीच खायची!" सगळे हसले. विमल सिस्टर हसल्या नाहीत. "बरं दादा," म्हणाल्या, "नाही घेणार."

आणि त्यांनी शब्द पाळला. पुढच्या शुक्रवारी मंगलाताईंचं नाव झालं, आणि जोसेफभाऊंचं येण्याआधी त्या थांबल्या. एकच श्वास. विसरल्या असतील असं मला वाटलं, पण त्याच्या पुढच्या शुक्रवारीही त्याच जागी तोच श्वास आला. मी डोळे उघडून पाहिलं आहे, खोटं कशाला सांगू. बोटं मनगटावर जरा दाबलेली, ओठ मिटलेले, आणि खोलीत नुसता एसीचा घुमणारा आवाज. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याच्या खाटेपाशीही ही बाई थांबत होती, आणि काही न बोलता पुढे जात होती. सहा वर्षं. इतरांची दुःखं बदलली, मंगलाताईंचा इकामा सुटला, जोसेफभाऊंची मुलगी कॉलेजात गेली. त्या रिकाम्या जागेचा आकार तेवढा बदलला नाही. तिला मी इतका सरावलो की आठवड्याचे बाकीचे दिवस मला त्या एका श्वासाभोवती रचल्यासारखे वाटू लागले.

प्रार्थनेबाहेर त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत.

"सलाम दादा. गोळी घेतली का?"

"घेतली."

"खोटं. डोळे सांगतात तुमचे."

मग एका हिवाळ्यात, इथली थंडी कोरड्या कापडासारखी अंगाला लागते अशा दिवसांत, त्यांनी सांगितलं की नोकरी संपली, पुढच्या आठवड्यात कायमचं गावी. बायका रडल्या. मी चहा संपवला. पण रात्रंदिवस एकच गोष्ट मनात घोळत राहिली, की ही बाई गेली की माझं नाव कुणाच्याच तोंडी राहणार नाही, आणि ते पुसून टाकणारा मीच. त्यांनी जाण्याआधी एकदा, एकदाच, ते घ्यावं. वाक्य मी तयार केलं होतं: "सिस्टर, घ्या आता नाव." शेवटच्या शुक्रवारी लिफ्टमध्ये ते तीनदा म्हटलं. दारात त्या समोर आल्या, सलाम म्हणाल्या, आणि वाक्य नेमकं तिथेच, गंज चढलेल्या व्हॉल्व्हसारखं, फिरेना. गंजलेले व्हॉल्व्ह मी जन्मभर खोलले. हा खोलता आला नाही.

प्रार्थना सुरू झाली. ओढणीवर तेच परतलेलं ऊन. फेरी खाटेमागून खाट पुढे आली, मंगलाताईंचं नाव झालं, आणि ती जागा आली. त्या दिवशी श्वास नेहमीपेक्षा लांबला. बोटं मनगटावर होती. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या की स्वतःसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या शांततेत माझं तोंड उघडलं, आणि मी तयार केलेलं वाक्य न येता भलताच शब्द बाहेर पडला.

"योहान," मी म्हणालो.

कुणी डोळे उघडले नाहीत. विमल सिस्टरांनीही नाहीत. त्यांनी ते नाव माझ्यामागून हळूच उचललं, जसं पेशंटच्या हातातून ग्लास घ्यावा.

"योहान," त्या म्हणाल्या, "आणि योहानचे वडील."

माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. दिलेला शब्द मोडला नाही, आणि मला वगळलंही नाही.

योहानने नंतर फोन उचलला की नाही, ते मी इथे सांगणार नाही. तेव्हा जे चहाआधी फुटलं तेवढं पुरे आहे. आता प्रार्थना दुसरे कुणी करतात, चांगली करतात, नावं भराभर एकापाठोपाठ एक येतात, आणि मंगलाताई व जोसेफभाऊ यांच्यामध्ये कुणी थांबत नाही. पहाटे गोदामाला निघण्यापूर्वी मी एकटा उभा राहतो, दोन बोटं मनगटावर ठेवून येतील ती नावं घेतो, आणि एका ठिकाणी गप्प होतो. ती जागा विमल सिस्टरांची. काळ आपणा सगळ्यांची नावं एका दमात वाचून पुढे निघून जातो. त्यातून कुणीतरी आपल्यापाशी एक श्वास थांबलं होतं, एवढंच मागे राहतं, मनगटावर, दोन बोटांखाली, अजून चालत.