पुलाचा रस्ता : सुरळीत

गाडीच्या टपावर वही ठेवून तिने तिन्ही रस्त्यांची नावे एकाखाली एक लिहिली आणि रस्तेमाहिती केंद्राचा क्रमांक लावला. ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले : बोगद्याचा रस्ता, वाहतूक संथ. वळणरस्ता, दुरुस्तीमुळे एकेरी. पुलाचा रस्ता, सुरळीत. ही माहिती सकाळी आठ वाजताची आहे.

तिने घड्याळ पाहिले. आठ वाजून चार मिनिटे झाली होती. चार मिनिटांपूर्वीचे मोजमाप विश्वासार्ह मानायला हरकत नव्हती. पुलाच्या रस्त्यासमोर तिने बरोबरची खूण केली आणि वही मिटली.

“निघायचं का, दशांश?” आत बसलेल्या अप्पांनी विचारले.

वजनमापे तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून ते तिला याच नावाने हाक मारत. हिला चहातली साखरसुद्धा दशांशात लागते, अशी त्यांची बापाच्या अधिकारातली जुनी कुरकुर होती. त्यांच्या सीटबेल्टची कडी खाचेत जाता जाता दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तिने हात लांबवून ती लावून दिली.

सात महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर त्यांच्या उजव्या डोळ्यासाठी कॉर्निया मिळाला होता. काल दुपारी रुग्णालयाचा फोन आला आणि संध्याकाळी ती त्यांना त्यांच्या घरून आपल्याकडे घेऊन आली. अट एकच होती. एका कॉर्नियासाठी दोघांना बोलावतात. पहिला साडेनऊपर्यंत पोहोचला नाही, तर दुसऱ्याला आत घेतात. अप्पा पहिले होते. पुलाच्या रस्त्याने पन्नास मिनिटे लागतात. तिने पस्तीस मिनिटे राखीव धरली होती, आणि त्याबद्दल अप्पांचे एक शेलके वाक्य ऐकूनही घेतले होते.

पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाड्या उभ्या होत्या. मागे पाहीपर्यंत मागेही उभ्या राहिल्या. ती उतरून पुढे चालत गेली. पुलाच्या तोंडाशी लोखंडी अडथळे होते आणि त्यांच्या पलीकडे पुलाचा जोड उखडून ठेवलेला होता. पिवळ्या शिरस्त्राणातला एक कामगार डबा खात बसला होता. पूल परवापासून बंद असल्याचे त्याने सांगितले, आणि हे तिला ठाऊक नसल्याचे त्याला खरोखरच आश्चर्य वाटले.

ते रुग्णालयात पोहोचले तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. खिडकीतल्या परिचारिकेने आवाज शक्य तितका मऊ करून सांगितले की दुसऱ्या रुग्णाला पावणेदहाला आत घेतले. अप्पांचे नाव यादीत वरच राहील. पुढचा कॉर्निया केव्हा येईल ते मात्र कुणी सांगू शकत नाही.

“चला, त्याला तरी दिसेल,” अप्पा म्हणाले.

हा चांगुलपणा तिला त्या क्षणी सोसवला नाही. परतीच्या वाटेवर रस्तेमाहिती केंद्राची पाटी दिसताच तिने गाडी कडेला घेतली. अप्पांनी जाऊ दे म्हणून पाहिले. तिने त्यांना दंडाला धरून आत नेले, पंख्याखालच्या बाकावर बसवले आणि खिडकीशी उभी राहिली.

खिडकीमागचा कारकून उद्धट नव्हता, आणि त्यामुळे भांडण अवघड होते. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि कामाची पद्धतही समजावून सांगितली. प्रत्येक रस्त्यावर एक निरीक्षक असतो. काही अडचण असेल तर आठच्या आत त्याचा फोन येतो. फोन आला की अडचणीची नोंद होते. नाही आला, की यंत्र आपोआप सुरळीत म्हणते. पुलावरच्या निरीक्षकाची जागा दोन वर्षांपासून रिकामी होती.

“मग तिथून फोन करणार कोण?” तिने विचारले.

“कुणीच नाही. म्हणून तर तिथली तक्रार कधी येत नाही, ताई. आमचा सगळ्यात चांगला रस्ता आहे तो.”

तो हे विनोदाने म्हणाला की अभिमानाने, ते तिला कळले नाही. तिने शांतपणे, शब्द तोलत सांगितले की तिच्या प्रयोगशाळेत तराजूवर काही ठेवलेच नसेल तर वजन शून्य लिहीत नाहीत. मोजले नाही, असे लिहितात. दोहोंत फरक आहे. कारकुनाने मान डोलावली. फरक आहे खरा, पण यंत्रात “माहीत नाही” असा पर्यायच नाही, असे तो म्हणाला.

“आणि आठ वाजताची वेळ? ती कोण घालतं?”

“ती यंत्रच घालतं. रोज.”

तिने तक्रारीचा अर्ज मागितला. दीड पान भरून सहा मुद्दे लिहिले. चौथ्याशी तिचे पेन कागदात रुतले : न घेतलेल्या मोजमापावर वेळेचा शिक्का मारणे ही चूक नव्हे, ती बनावट आहे. या बनावटीमुळे एका माणसाचा डोळा गेला, असे पुढे लिहून तिने “गेला” खोडले आणि “राहिला” केले. मग तेही खोडले. अचूक शब्द सापडेना, तसा तिचा राग अधिकच चढला.

ज्याचे नुकसान झाले त्याचीही सही लागेल, असे कारकून म्हणाला. ती अर्ज बाकापाशी घेऊन गेली, पुठ्ठ्यासकट अप्पांच्या मांडीवर ठेवला आणि पेन त्यांच्या हातात दिले.

“इथं खाली, रेघेवर.”

रेघ जाड होती, काळी होती. अप्पांनी चष्मा सारखा केला. डाव्या हाताचे बोट कागदाच्या कडेवरून सावकाश खाली सरकवत आणले, थांबवले आणि बोटाशेजारी पेन टेकवले. सही नेहमीसारखी वळणदार आली, शेवटच्या फटकाऱ्यासकट. ती आली मात्र चौथ्या मुद्द्याच्या अक्षरांवर, रेघेच्या चार बोटे वर.

“झालं?” त्यांनी विचारले.

ती सहीकडे पाहत राहिली. उजवा डोळा धुरकट होता. डावा चांगला होता. तिच्या फ्रिजच्या दारावर तसा तक्ताच होता : तारीख, उजवा, डावा. दर रविवारी अप्पांशी फोनवर बोलणे झाले की ती तो भरत असे. उजव्याबद्दल ते सांगत. कधी पाणी येते, कधी दिव्याभोवती कडी दिसतात, आणि ती ते शब्दशः लिही. डाव्याबद्दल ते काही बोलत नसत. डाव्याच्या रकान्यात सात महिने, एकही रविवार न चुकता, तारखेसह, एकच शब्द होता : ठीक.

ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली.

“अप्पा, डाव्या डोळ्याचं काय?”

अप्पांनी पेनाला टोपण लावले. टोपण नीट बसायला थोडा वेळ लागला.

“त्याचं तू कधी विचारलंच नाहीस,” ते म्हणाले. सूर तक्रारीचा नव्हता. “आणि तुझा उजव्याचाच एवढा व्याप.”

खिडकीतून कारकुनाने शिक्का शाईवर दाबल्याचा आवाज आला.

“ताई, झाला का अर्ज? वेळ किती घालू?”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग अप्पांकडे वळली.

“थांबा,” ती मागे न पाहताच म्हणाली. “माहिती अजून यायची आहे.”