रोट सरेपर्यंत

दुकानदाराला "धंदा कसा आहे?" विचारलं आणि तो "बरा आहे" म्हणाला, असं माझ्या सात वर्षांच्या नोकरीत एकदाही झालेलं नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी गल्ल्यासमोर झुंबड असते, दोन माणसं नुसती पुड्या बांधत असतात, आणि शेठ मला सांगतो, "कुठं काय, अक्का, सगळं थंडच आहे." मी पडले फाटक्या तोंडाची. सरळ म्हणते, "मग ही माणसं काय तुमचं तोंड बघायला आलीत?" तेव्हापासून मी कुणाला धंदा विचारत नाही. मागच्या आठवड्यात याच दिवशी होतं त्यापेक्षा गिऱ्हाईक जास्त, कमी की तेवढंच, एवढंच विचारते आणि मोबाइलवर बोट दाबून पुढं जाते.

हीच माझी नोकरी. मी अकबरी पिंजारी, राहणार धुळे. पुण्यातली एक कंपनी देशातल्या साठ शहरांचा रोजचा ताप बघते. सरकारचे आकडे तीन-तीन महिन्यांनी येतात, तोवर रोगी एक तर बरा झालेला असतो, नाहीतर गेलेला. म्हणून ही कंपनी रोज बघते. दुकानातल्या पेमेंटच्या डब्यावर किती रक्कम आली, मालाच्या किती गाड्या निघाल्या, वीज किती जळली. आणि डब्याला जे कळत नाही ते बघायला शहरागणिक माझ्यासारखं एक माणूस. माझ्याकडे बेचाळीस दुकानं आहेत, देवपुरापासून आमच्या मोहल्ल्यापर्यंत. मोठ्या कंपन्या हे आकडे विकत घेतात आणि कुठं किती माल पाठवायचा ते त्यावर ठरवतात.

अब्बा असते तर हसले असते. ते गल्लोगल्ली फिरून कापूस पिंजायचे. त्यांचा हिशोब सोपा होता. जुनी गादी पिंजायला लोक जास्त आले की साल पातळ, नवी भरायला आले की साल बरं. त्यांचा अंदाज फारसा चुकला नाही आणि त्यांना त्यासाठी पुण्याला फोनही करावा लागला नाही.

तर श्रावणातला तो आठवडा. सोमवारपासून माझा आकडा घसरायला लागला. कमी, कमी, तेवढंच, कमी, कमी. मंगळवारी तेच. मी म्हटलं, पाऊस आहे, निघत नसतील लोक. बुधवारी दुपारी चारुलता मॅडमचा फोन आला. मॅडम पुण्याच्या ऑफिसात आमच्या भागाचं बघतात. वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड, पण आकड्याच्या बाबतीत सख्ख्या आईवर विश्वास ठेवणार नाहीत अशा.

"अकबरीताई, धुळ्यात काय झालंय? मागच्या वर्षीच्या याच तारखांशी ताडून बघितलं तर पीठ, डाळी, बिस्किटं, भाजी, सगळं तिसऱ्या हिश्श्यानं खाली आहे. जळगावही तसंच. नाशिक हिरवं, बऱ्हाणपूर हिरवं आणि मधला अख्खा खान्देश नकाशावर लालभडक."

"दुकानदार म्हणतात मंदी आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"ते नेहमीच म्हणतात," मी म्हटलं. "पण यंदा माझं बोटही तेच म्हणतंय."

मग मॅडम म्हणाल्या, "पिठाची आणि बिस्किटांची जी मोठी कंपनी आपले आकडे घेते ना, तिचं धुळ्याला गोदाम आहे. ते ठेवायचं की बंद करून नाशिकहूनच माल पाठवायचा, हे शुक्रवारी ठरणार आहे. त्यांचा बराच दिवस विचार चालला होता. आता हा आकडा बघून ते नाशिकच म्हणतील. तुम्ही उद्यापर्यंत एकदा नीट बघून खात्री करा."

मी "हो" म्हणून फोन ठेवला आणि जवळच्या ओट्यावर बसले.

कारण त्या गोदामात माझा धाकटा भाऊ जब्बार मुकादम आहे. त्याच्या हाताखाली अठरा हमाल. बारा वर्षं त्यानं तिथं पोती उचलली, तेव्हा कुठं दोन वर्षांपूर्वी मुकादम झाला. वय पंचेचाळीस, शिक्षण सातवी, कमरेत दोन मणके सरकलेले. त्याला नव्यानं कोण कामाला घेणार? घरात त्याची बायको निलोफर, दोन मुली आणि मी. थोरली मुलगी शिरपूरला फार्मसीला आहे. माझ्या पगारात तिची मेससुद्धा भागत नाही.

आणि आकडे कुणी पाठवले होते? मी. माझ्याच बोटानं. म्हणतात ना, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संध्याकाळी जब्बार घरी आला, चहा प्यायला, टीव्ही लावून बसला. त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. माझ्या हातात मोबाइल होता आणि विचारून झालेल्या पण भरायच्या राहिलेल्या सहा दुकानांचा रकाना उघडा होता. खरं सांगते, मला वाटलं, सहाच्या सहा ठिकाणी 'जास्त' दाबावं. कोण बघतंय? बोट तिथपर्यंत गेलंही होतं. मग अब्बा आठवले. जुनी रुई नवी म्हणून भरायची नाही, एवढी एकच गोष्ट त्यांनी आम्हाला शिकवली. मी 'कमी' दाबलं आणि स्वतःवरच इतकी चिडले की निलोफरला उगाच भाजीच्या मिठावरून बोलले.

गुरुवारी सकाळी देवपुरात चंदनच्या दुकानात गेले. चंदन किराणा विकतो. त्याची बायको भाविका माझी शाळेपासूनची मैत्रीण. दुकान पुढं, घर मागं, मध्ये एक पडदा. चंदन गल्ल्यावर गालाला हात लावून बसला होता.

"काय सांगू, अक्का, चार दिवस झाले, पिठाचा एक कट्टा हलला नाही. मंदी आली, मंदी. आता आपलं काही खरं नाही."

एरवी मी त्याला झापलं असतं. त्या दिवशी नुसतं 'कमी' दाबलं. तेवढ्यात पडद्यामागून त्याच्या आईचा, झुंबरबाईचा, आवाज आला. ऐंशीची म्हातारी, कान तिखट, बोलणं अस्सल अहिराणी.

"मंदी कसानी रे? बठ्ठा गाव रोट खाई ऱ्हायना, तुनं पीठ कोन लेई?"

मी पडदा बाजूला केला. आत सगळं घर जेवायला बसलं होतं. ताटात रोट, वाटीत दही. भाविकानं माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. "पाचवा दिवस आहे, अकबरी. माझ्या दाढा दुखायला लागल्या."

बाहेरच्यांना सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघर कानबाई देवी बसते. सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्यासाठी रोट करतात, म्हणजे गव्हाच्या जाडजूड गोड पोळ्या. घरातल्या माणसांच्या नावानं मोजून गहू घ्यायचे, दळायचे आणि ते सगळं पीठ संपवायचंच. रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा तर अजिबात नाही, आणि पौर्णिमेच्या आत सरलेच पाहिजेत. झुंबरबाईसारख्या कडक घरांत रोट सरेपर्यंत चुलीवर दुसरं काही चढत नाही. मग दुकानात कोण कशाला येईल? डाळ नको, भाजी नको, पीठ नको. बिस्किटंसुद्धा नकोत, पोरांनी चहाबरोबरही रोटच खायचा.

आणि हा चंदन. चार दिवस आत बसून रोट खात होता आणि बाहेर येऊन गिऱ्हाईक नाही म्हणून रडत होता. पण त्याला काय बोलू? कानबाईची मिरवणूक दरसाल माझ्या डोळ्यांसमोरून जाते, भाविका दरसाल तुकडा देता येत नाही म्हणून हळहळते, आणि माझ्याही डोक्यात हे आलं नाही. सण म्हणजे खरेदी, सण म्हणजे गर्दी, हेच आम्ही धरून बसलेलो.

"भाविका," मी म्हटलं, "मागच्या वर्षी कानबाई कधी होती?"

"मागच्या वर्षी उशिरा होती ना. या तारखांना तर आम्ही गहू निवडत होतो. दुकानात ही गर्दी, ह्यांना जेवायला वेळ नव्हता."

तिथंच सगळा उलगडा झाला. मागच्या वर्षी या तारखांना अख्खं गाव कानबाईचा बाजार करत होतं. यंदा ती आठवडाभर आधी येऊन गेली आणि याच तारखांना गाव रोट खात बसलं. पुण्याच्या कॉम्प्युटरनं भरल्या ताटाशी रिकामं ताट ताडून बघितलं आणि खान्देश उपाशी आहे म्हणून सांगितलं.

मी दुकानाच्या पायरीवरूनच मॅडमना फोन लावला. धापा टाकत सगळं सांगितलं.

"माझी आजी एरंडोलला होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी लहानपणी तिच्याकडे जायचे. रोट खाऊन खाऊन मला रडू यायचं. आजी गेली आणि सगळं सुटलं. कसं विसरले मी?" मग लगेच आवाज बदलला. "पण ताई, माझी आजी मला अहवालात घालता येणार नाही. कंपनीवाले म्हणतील, सबब सांगताय. मला आकडा द्या."

आकडा कुठून देऊ? मी मोबाइलवर आठवडाभराची यादी उघडली. एकेक दुकान भरताना कधी सगळी एकदम बघितली नव्हती. कमी, कमी, कमी, मग मध्येच तेवढंच, तेवढंच, तेवढंच, जास्त. मी नावं वाचली. आमच्या मोहल्ल्यातली अकरा दुकानं. तिथं सोमवारपासून काही म्हणजे काही हललेलं नव्हतं.

"मॅडम, मोहल्ल्यातली दुकानं वेगळी काढा. आमच्याकडे कानबाई नाही. खरी मंदी असती तर ती काय घरचा देव विचारून आत शिरली असती?"

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच ऐकलं त्यांचं हसू. खटाखट बटणं दाबल्याचा आवाज आला. "पीठ, मोहल्ला, जसंच्या तसं. देवपूर, चाळीस टक्के खाली. थांबा, देवपुरातलीच औषधं बघते. जशीच्या तशी. पेट्रोल तसंच. फक्त चुलीवर चढणारं तेवढं खाली आहे. ताई, हे झालं."

"अजून एक," मी म्हटलं. "माझा सख्खा भाऊ त्याच गोदामात मुकादम आहे. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. आकड्यावरच जा."

"तुम्ही हे काल का नाही सांगितलं?"

"काल सांगून काय उपयोग होता? काल आकडा वाईट होता. आज तो भावाच्या बाजूचा आहे."

आत जाऊन मी झुंबरबाईच्या पायाशी बसले. ती म्हणाली, "काय व माय, तोंड का उतरेल शे तुनं?" मी तिचे पाय दाबत राहिले. तिनं ताटातल्या रोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुले देता येत नही माय." मग भाविकाला माझ्यासाठी चहा ठेवायला लावला. त्या पाच दिवसांत त्या घरात बाहेरच्या माणसासाठी चूल पेटली ती बहुधा तेवढीच.

शुक्रवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुकानं फिरले, बोट दाबत गेले. जब्बार जुम्म्याची नमाज पढून आला, जेवला, परत कामावर गेला. साडेचारला मॅडमचा मेसेज आला. कंपनीनं निर्णय पंधरा दिवस पुढं ढकलला होता. पौर्णिमेनंतरचे आकडे बघू म्हणाले. मी तो मेसेज चार वेळा वाचला आणि रस्त्यातच एक रसवंती दिसली तिथं बसून दोन ग्लास उसाचा रस प्यायले.

शनिवारी पौर्णिमा झाली. आठवडाभर दाबून ठेवलेली भूक सोमवारी दुकानांवर तुटून पडली. भाविका म्हणाली, घरात सहा दिवस भाजीचं पान नव्हतं, आज तीन भाज्या केल्यात. चंदनच्या दुकानातला पेमेंटचा डबा बोलायचा थांबेना. मी मुद्दामच विचारलं, "कसा आहे धंदा?" तर म्हणतो, "कुठं काय, अक्का, चाललंय आपलं." मी 'जास्त' दाबलं आणि पुढं निघाले.

पुढच्या आठवड्यात नकाशावर खान्देश हिरवा झाला. गोदाम आहे तिथंच राहणार, असं पत्र आलं. मॅडमनी फोन करून सांगितलं की सणांच्या यादीत दिवाळी आणि ईदच्या खाली आता कानबाईची ओळ आली आहे. "तारीख काय टाकू?" त्यांनी विचारलं.

"तारीख नसते मॅडम तिला. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, म्हणजे आणखी उशिरा येईल. दरसाल मला विचारत जा. मी भाविकाला विचारीन."

त्याच दिवशी संध्याकाळी जब्बार घरी आला तो वाकूनच. चटईवर आडवा पडला आणि कण्हत म्हणाला, "आपा, आज सात गाड्या उतरवल्या. इतका माल दिवाळीलाही येत नाही. कंबर गेली माझी. कुठून आली ही नोकरी नशिबात?"

त्याला मी काहीच सांगितलेलं नव्हतं, अजूनही सांगितलेलं नाही. मी बामची बाटली घेऊन त्याच्याजवळ बसले आणि त्याच्या कमरेला चोळायला लागले.

"फार दुखतंय का रे?"

"फार."

"बरं झालं," मी म्हटलं आणि मला रडू आलं.