दगडोबाचं खाकरणं

माझा बाप दगडोबा दाराशी आला की खाकरायचा. एकदाच. तेवढ्यानं आमच्या म्हशीनं पान्हा चोरलाय, चुलीतला जाळ खाली बसलाय, अन् शेजारच्या कस्तुराबाईचं रडतं लेकरू जागच्या जागी गप झालंय. खोटं वाटत असंल तर किल्लारीला जाऊन विचारा. म्हस मेली, पर गाव हाय.

भूकंप झाला तवा माझी माय आधी डोईवर पदर घेऊन भिताडाशी उभी राहिली. तिला वाटलं, मालक आले. मग पळाली. हे मात्र खरं हाय.

ह्ये सगळं उकरायचं काही कारण नव्हतं. पर माझी नात तनुजा लातूरला एमए करून राहिली, तिनं एक कादंबरी घरात आणली. नांदेडला वाचकांची स्पर्धा व्हती. पुस्तकातलं एक माणूस घ्यायचं अन् त्याच्यावर बोलायचं. हिनं घेतला त्यातला बाप. बायकोला आसुडानं फोडणारा, लेकीची शाळा तोडणारा, बाईची अक्कल चुलीपुरती म्हणणारा. माझा ल्योक, तिचा बाप सुदर्शन, तिला म्हणला, नंबर आणलास तर पीएचडीचं बघू, न्हाईतर मुदखेडचं स्थळ हाय. म्हंजी पोरीची जिनगानी त्या कादंबरीतल्या मेल्याच्या हाती.

पोरगी एका जागी अडली व्हती. म्हणली, "आजी, एवढ्या जाड पुस्तकात तो हात उचलतो दोनदाच. मग या बायका रोज का भितात?"

मी उठले, बाहेर गेले, अन् दारात येऊन बापासारखी खाकरले.

तिची माय उज्वला भाकरी थापून राहिली व्हती. पिठाचा हात तसाच डोईला गेला. अंगात गाऊन, पदर कुठला सापडतो? पीठ केसाला. तिनं माझ्या बापाला कधी बघितलंबी न्हाई. ती निलंग्याची. तिकडंबी खाकरत असतील.

तनुजा मायच्या केसाकडं बघत बसली.

नांदेडच्या एसटीत तिनं विचारलं, तुझा बाप असा कामून व्हता? मी सांगितलं, त्याचा बाप त्याच्याहून मोठ्यानं खाकरायचा, अन् हा मायच्या लुगड्यामागं दडायचा. त्याला घरात दोनच जागा ठाव. दडायची अन् दारातली. मोठा झाल्यावर त्यानं दारातली धरली. अन् माझी माय अशी हसायची की आडातलं पाणी वर यायचं. जलमभर संगं राहून त्या माणसानं ते हसू एकदाबी ऐकलं न्हाई. तो आला की ते बंद.

"मग कीव येते का त्याची?"

"येती की. पर त्यानं मायचा दात पाडला, तो पडलाच."

हॉल गच्च भरलेला. तनुजा बोलली चांगली, पर परीक्षक वसंतराव, मोठे रिटायर प्रोफेसर, त्यांनी चष्मा काढला. म्हणले, लेखकानं अतिशयोक्ती केली. दोनदा हात उचलला तर राक्षस केला. तो राबतो, घर चालवतो. बेटा, त्यालाही समजून घ्यायला हवं.

"समजून घेतलंय, सर," तनुजा म्हणली. "म्हणूनच सोडत नाही." मग माझ्याकडं वळली. "आजी, जरा बाहेर जाऊन ये."

गेले. आले. खाकरले.

पंखे थांबले. स्टेजवरच्या हारातली फुलं गळाली. बरं, ते जाऊ द्या, पुढचं ऐका. म्हाताऱ्या बायकांचे हात डोईला गेले. पोरींनी मोबाईल उपडे घातले. दुसऱ्या परीक्षक गोदावरीबाई, कॉलेजच्या प्राचार्य, खुर्चीतून अर्ध्या उठल्या अन् तशाच राहिल्या. पुरुष एकबी हलला न्हाई. वसंतराव मान वळवून बायकांकडं बघतच राहिले.

तनुजा शांतपणे म्हणली, "सर, माझ्या आजीनं या हॉलमध्ये कोणालाही मारलेलं नाही."

गोदावरीबाई खाली बसल्या. नुसत्या बसल्या न्हाईत, पाय पसरून टेकून बसल्या, अन् हसायला लागल्या. मग सगळा हॉल. वसंतरावांनी चष्मा पुसला अन् पैला नंबर स्वतःच्या तोंडानं सांगितला. ढाल एवढी मोठी की कंडक्टर तिचं आर्धं तिकीट मागून राहिला.

घरी ढाल मधोमध ठेवून आम्ही तिघी चिवडा खात बसलो. दाराशी सुदर्शन आला. खाकरला. सवयीचं ते, त्याला तरी कुठं ठाव.

उज्वलाचा हात वर निघाला. अर्ध्यातून वळला अन् चिवड्याच्या ताटात गेला.

"दार उघडंच हाय," ती म्हणली. "या की."

तो आत आला. कोणी उठलं न्हाई. ढालीकडं बघितलं, आम्हा तिघींकडं बघितलं, कुठं बसावं कळंना. शेवटी खालीच बसला, ताटातला चिवडा घेतला अन् विचारलं, पीएचडी लातूरलाच होती का नांदेडला ऱ्हावं लागतं?

मग मी मायचं हसू काढलं. ते पार किल्लारीपतोर गेलं. तिथल्या आडाचं पाणी वर आलं म्हणतात.