फेस आला तर भट्टी

चार विटा. निळी ताडपत्री, कोपऱ्यात भोक पडलेली. भांड्याच्या साबणाचा फेस, काचेच्या पेल्यात. बोटभर पांढरी अळंबी. फुगलेले गाल, लालबुंद, एका निवृत्त पोस्टमनचे.

हे सगळं एकाच अंगणातलं, तीन महिन्यांतलं.

अंगण मावशीचं. तिच्या बेकरीची भट्टी लाकडावर चालायची, आणि अलीकडे चालायची कमी, धुमसायचीच जास्त. मावशीने जाहीर केलं, विजेची भट्टी मागवते, ही फोडून टाकते. तिची भाची, जिला घरात सगळे भिंगरी म्हणत, याच भट्टीसमोर पाव करायला शिकली होती. भट्टीचा काय दोष, लाकूड ओलं आहे, तीन महिने दे, वाळवून दाखवते, असं ती एका दमात बोलून गेली. मावशी म्हणाली, वाळव.

भिंगरीने विटांवर फळ्या टाकल्या, फोडलेली लाकडं साल वर करून रचली, वाऱ्याला वाट ठेवली आणि चार दिवस बहिणीकडे गेली.

तेवढ्यात काकांनी घात केला. काका म्हणजे मावशीचे यजमान, तेच पोस्टमन. पार्सल बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी अख्खा ढीग जमिनीपर्यंत ताडपत्रीत गुंडाळला, सुतळीने आवळला. पत्ता लिहायचाच काय तो बाकी.

भिंगरीने सुतळी कापली तर आतून वाफ. लाकडांना घाम फुटलेला. तळाला अळंबी.

"काका, लाकूड वाळवायचंय, उकडायचं नाही."

"पाऊस लागला असता गं."

"डोक्यावर टोपी पुरते. अंगभर गोधडी कशाला?"

तिने ताडपत्री फक्त वर ठेवली, बाजू मोकळ्या. काकांना तो उघडा ढीग बघवेना. आभाळ जरा भरलं की ते चोरपावलांनी येऊन ताडपत्री खाली ओढायचे, ही धावत येऊन वर सारायची. खाली. वर. खाली. (वारा दोघांनाही न विचारता ती शेजाऱ्यांच्या छपरावर पोचती करायचा.) शेवटी तिने काकांना एक लाकूड नेमून दिलं. रोज सकाळी तोलायचं. झालं, काकांनी पक्षच बदलला. आज पन्नास ग्रॅम उतरलं, ही वार्ता ते दात घासता घासता घरभर वाटायचे.

मुदतीच्या दिवशी मावशी अंगणात आली. तोलून बिलून मला काही कळत नाही म्हणाली, साबण आणा. लाकडाच्या एका टोकाला फेस फासायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचं. वाळलेलं असेल तर हवा आरपार जाते.

भिंगरीने फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. कानात दडे बसले, मग हसू फुटलं, आणि हसताना फुंकता येईना. काकांनी लाकूड हिसकावलं, गाल फुगवले, लाल झाले, जांभळे झाले, आणि पलीकडे

एक

बुडबुडा

आणि मग दहा, आणि मग मोजतंय कोण, मावशीनेही एक लाकूड उचललं, तिघं बँडवाल्यांसारखी अंगणात फुंकत सुटली, मावशीच्या नाकावर फेस, काकांच्या मिशीत साल. विजेच्या भट्टीवाल्याला मावशीने फोन केला तेव्हा ती इतकी हसत होती की त्याला नकार दोनदा सांगावा लागला.

त्याच ढिगातलं एक लाकूड मावशीने आठ दिवस आधी भट्टीत जाळून बघितलं होतं. जराही धुमसलं नव्हतं.